फलदायी ख्रिस्ती जीवन आणि आत्मसमर्पण : मराठी ख्रिस्ती परंपरेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील झरी जामणी तालुक्यात शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर होते. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच कोरड्या मातीत सरकी टोबण्याची, म्हणजे धूळपेरणीची, रीत विदर्भाच्या कापूसपट्ट्याला परिचित आहे. घरात राखून ठेवता आले असते असे बियाणे शेतकरी जमिनीत घालतो आणि त्यावरचा आपला ताबा सोडतो. पेरलेले बी परत मागता येत नाही. मात्र ते फेकून दिलेलेही नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशू स्वतःच्या मरणाविषयी बोलताना गव्हाच्या दाण्याचा जो दृष्टान्त देतो, त्याचा आशय याच अनुभवाशी जुळणारा आहे. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो.

ख्रिस्ती उपासनेत व प्रवचनांत ‘स्वतःला देवाला समर्पण करा’ हे आवाहन इतक्या वेळा ऐकू येते की त्याचा नेमका अर्थ तपासण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. अर्थ न तपासल्यामुळे या शब्दाचे दोन विपर्यास संभवतात. समर्पण म्हणजे वरिष्ठांपुढे, मग ते धर्मगुरू असोत, पती असो वा संस्था असो, मान तुकवणे, हा पहिला. समर्पण म्हणजे हातपाय गाळून जे होईल ते होऊ देणे, हा दुसरा. बायबलमधील या संकल्पनेचे स्वरूप आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील काही मराठी ख्रिस्ती व्यक्तींच्या जीवनात तिला आलेला अर्थ प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बायबलमधील संकल्पना

या विषयाचा मूलाधार असलेला उतारा योहानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. येशू खरा द्राक्षवेल, पिता माळी आणि शिष्य फाटे असे ते रूपक होय. फाट्याने फळ देण्यासाठी काय करावे, या प्रश्नाला तेथे दिलेले उत्तर विलक्षण साधे आहे : वेलात राहावे. ‘राहणे’ या अर्थाचे मूळ ग्रीक क्रियापद चौथ्या ते दहाव्या वचनांच्या दरम्यान दहा वेळा आले आहे. समर्पण ही एखाद्या भावनाभारित सभेत एकदा घडून संपणारी घटना नसून टिकवून धरावयाचा संबंध आहे, असे यावरून दिसते. ज्या प्रवचनांत केवळ निर्णयाच्या क्षणावर भर दिला जातो, त्यांतून हा भाग बहुधा निसटतो.

त्याच उताऱ्यात फळ देणाऱ्या फाट्याला माळी ‘साफ करतो’ असे म्हटले आहे. मूळ शब्दाला स्वच्छ करणे आणि छाटणे या दोन्ही छटा आहेत. द्राक्षबागेची छाटणी नाशिक वा सांगली भागातील वाचकाला जितकी परिचित, तितकी ती यवतमाळच्या वाचकाला नाही. पण कपाशीच्या पिकात जवळचे उदाहरण सापडते. कपाशीच्या झाडाला गळफांदी आणि फळफांदी अशा दोन प्रकारच्या फांद्या येतात. गळफांदी वाळलेली किंवा रोगट नसते. उलट ती जोमदार दिसते, अन्न मोठ्या प्रमाणात खाते आणि बोंडे त्या मानाने कमी देते. म्हणून काही शेतकरी ती वेळेवर काढून टाकतात. ख्रिस्ती समर्पणात जे सोडावे लागते ते नेहमीच उघड पाप असते असे नाही. पुष्कळदा ते प्रतिष्ठा, विद्वत्तेचा अभिमान, सुरक्षित पगार किंवा जातीचे मोठेपण असते. वरून हिरवेगार, पण जीवनरस आपल्याकडे ओढून घेणारे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात समर्पणाला ‘जिवंत यज्ञ’ म्हटले आहे. यज्ञातील बळी मरतो, हा तर प्राचीन जगातला सर्वपरिचित अनुभव. पौलाचा यज्ञ मात्र जिवंत राहतो, आणि त्यातच या शब्दप्रयोगाचे सामर्थ्य आहे. शिवाय त्याने या उपासनेला जे विशेषण लावले आहे ते बुद्धीशी, विवेकाशी निगडित आहे, आणि लगेच पुढच्या वचनात मनाच्या नवीकरणाचा उल्लेख येतो. बुद्धी गहाण टाकणे हा समर्पणाचा अर्थ पौलाला अभिप्रेत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला ‘रिक्त केले’ आणि दासाचे रूप धारण केले असे वर्णन आहे. तेथेही रिक्त करणारा तोच आहे. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे आणि जो ते स्वेच्छेने देतो, त्याच्याच बाबतीत समर्पण हा शब्द सार्थ ठरतो. हिसकावून घेतलेल्या गोष्टीला समर्पण म्हणता येत नाही.

भक्तिपरंपरेची भाषा

मराठी माणसाला ही संकल्पना अगदीच नवखी नव्हती. नवविधा भक्तीत आत्मनिवेदन ही नववी भक्ती मानली जाते, आणि समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात तिला स्वतंत्र समास दिला आहे. वारकरी संतांच्या वाणीत शरणागतीचा भाव सर्वत्र आढळतो. त्यामुळे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून (१६१६) मराठी ख्रिस्ती लेखकांनी ख्रिस्ताविषयी बोलताना ओवी-अभंगाचा आश्रय घेतला यात नवल नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे मानीत.

तथापि शब्द सारखे असले तरी आशयात भेद आहे, आणि तो झाकून ठेवल्याने कोणत्याच परंपरेचा सन्मान होत नाही. दासबोधातील आत्मनिवेदनाचा रोख ‘मी’ कोण याच्या विचारातून देव आणि भक्त यांच्यातील वेगळेपण मावळण्याकडे आहे. ख्रिस्ती समर्पणात भक्त देवात विलीन होत नाही. फाटा वेलाला जोडलेला असतो, पण तो वेल होत नाही. त्याला त्याचे नाव आणि त्याची जबाबदारी असते. म्हणूनच फळाविषयी त्याला विचारणा होऊ शकते.

पंडिता रमाबाई : दोन टप्प्यांतील समर्पण

या विवेचनाला सर्वांत समृद्ध उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. मात्र १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. दुसरा शोध सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास लागला. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतः धर्मसेवेत असूनही आपण अद्याप देवाच्या स्वाधीन झालेलो नाही, हा हॅसलम यांचा कबुलीजबाब त्यांना स्वतःवर लागू पडला. विद्वान, स्वतंत्र वृत्तीच्या, परिश्रमी अशा या स्त्रीला देवाची कृपा कमवावी लागत नाही हे स्वीकारण्यास आठ वर्षे लागली, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. येथे समर्पण म्हणजे कर्तृत्व सोडणे नव्हे, तर कर्तृत्वाच्या बळावर देवापुढे उभे राहण्याचा आग्रह सोडणे होय.

परंतु या घटनेकडे तिच्या आधीच्या वादांपासून अलग करून पाहिले तर तिचे अर्धेच दर्शन घडते. १८८३ ते १८८६ या काळात वाँटेज व चेल्टनहॅम येथे असताना रमाबाईंचा सिस्टर जेराल्डीन आणि इतर वरिष्ठांशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये मुंबईहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला हिंदुस्थानातील बिशपांकडून आला, तेव्हा त्यांनी त्याला स्पष्ट विरोध दर्शविला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीच्या शंका त्यांनी लपविल्या नाहीत. त्यांच्यावर वारंवार ठेवला गेलेला आरोप गर्वाचा आणि आज्ञाभंगाचा होता. रमाबाईंची भूमिका थोडक्यात अशी होती : आपली सदसद्विवेकबुद्धी आपण देवाला दिली आहे, म्हणून ती आता दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करता येत नाही.

हा युक्तिवाद केवळ चतुर नाही. तो समर्पणाच्या ख्रिस्ती अर्थाच्या गाभ्याशी भिडतो. जी व्यक्ती स्वतः देवाची झाली, तिच्यावर मनुष्याचा निरपेक्ष हक्क उरत नाही. समर्पणाची भाषा स्त्रियांना, कनिष्ठांना आणि दुर्बलांना गप्प बसविण्यासाठी वापरली जाते तेव्हा रमाबाईंची ही पत्रे समोर ठेवावीत. सिस्टर जेराल्डीन यांची माया खोटी नव्हती, हेही त्याच पत्रांतून दिसते; मात्र त्यांनी चर्चची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांत फारसा भेद केला नाही.

१८९१ नंतरचे फळ सर्वज्ञात आहे. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास आले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली होती. मुली विणकाम करीत, शेती करीत, छापखान्यात खिळे जुळवीत. १९०५ मध्ये तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची वार्ता जगभर गेली. पण त्या दिवसांतही विहिरीचे पाणी काढावे लागत होते आणि शेकडो जणींसाठी रोज भाकरी भाजावी लागत होती, याचा उल्लेख फारसे कुणी करीत नाही. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद हाती घेतला. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये निवर्तली, तरी ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

टिळक दांपत्य

ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) समर्पणाचा प्रारंभही विदर्भाच्या परिसरातला आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. चरित्रलेखनात बाप्तिस्म्याला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे १९१७ च्या निर्णयाला क्वचितच मिळते. त्या वर्षी त्यांनी मिशनची वेतनी नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांची बंधुमंडळी सुरू केली. मिशनच्या पगारावर अवलंबून असलेली मंडळी आपल्या मातीत रुजणार नाही, अशी त्यांची धारणा बनली होती. वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी हाती असलेले सोडणे सोपे नसते. पेन्शनीची चिंता असलेल्या कोणत्याही नोकरदारास हे समजेल.

‘देवाचा दरबार’ संस्था म्हणून फार वाढला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण राहिले. त्याचा उरलेला बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला. आयुष्याच्या पूर्वार्धात जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या या स्त्रीने ओवीबद्ध महाकाव्य पुढे नेले, हे टिळकांच्या समर्पणाचे फळ की त्यांच्या स्वतःच्या? प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला प्रारंभी आलेला त्याग त्यांनी निवडलेला नव्हता. पतीच्या धर्मांतरामुळे त्यांना काही वर्षे मुलाला घेऊन वेगळे राहावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) वाचताना त्या वर्षांचे दुःख विनोदाच्या आडून सतत जाणवते. पतीबरोबर पुन्हा राहू लागल्यावरही त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत; सोवळेओवळे पाळीत राहिल्या. देवाने माणसे निर्माण केली, जाती नव्हे, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर मगच त्यांनी शिवाशिव सोडली, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. प्लेगच्या छावणीत रुग्णांची शुश्रूषाही केली. पतीच्या समर्पणात पत्नीचे समर्पण आपोआप समाविष्ट होते, असे मानणाऱ्यांना हे पुस्तक निरुत्तर करते.

यवतमाळचा संदर्भ

आजच्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथॉडिस्ट मिशनचे कार्य या भागात सुरू झाले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात येईपर्यंत देशाच्या अनेक प्रांतांतील विद्यार्थी धर्मशास्त्र शिकण्यासाठी यवतमाळला येत. झरी जामणीच्या पोडांवर राहणाऱ्या कोलाम समाजाला देवापुढे अर्पण करण्याचा अर्थ समजावून सांगण्यासाठी कोणत्याही सेमिनरीची आवश्यकता नाही, ही गोष्ट वेगळी. भीमायकाची उपासना करणारा हा समाज निसर्ग आणि दैवत यांच्याशी असलेले आपले ऋण पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहे.

या जिल्ह्यात समर्पणाविषयी बोलताना एक वास्तव टाळता येत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर पोहोचले. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत हा जिल्हा होता. कर्ज, नापिकी आणि बाजारभाव यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसापुढे ‘स्वतःला सोडून द्या’, ‘मी मेलो असे समजा’ अशा शब्दांत समर्पणाचा उपदेश केला, तर तो ज्या कानांनी ऐकला जाईल त्यांचा विचार करणे उपदेशकाचे कर्तव्य ठरते. स्वतःला देणे आणि स्वतःला संपविणे यांत केवळ अंशाचा फरक नाही. दिशाच उलट आहे. देणाऱ्यासमोर घेणारा असतो. संपविणाऱ्याला आपण कुणालाच नको आहोत असे वाटत असते. योहानाच्या रूपकात तुटलेला फाटा हा समर्पित फाटा नव्हे. जोडलेला फाटा समर्पित होय. अशा मनःस्थितीतील विद्यार्थ्याला वा पालकाला आधी सोबत हवी, वेळेवर वैद्यकीय मदत हवी, सावकाराच्या हिशेबात कुणाचे तरी साहाय्य हवे. मंडळीने हे करणे हा समर्पणाच्या शिकवणुकीला जोडलेला वेगळा उपक्रम नसून तिचाच भाग आहे.

‘फलदायी’ या शब्दाबाबतही स्पष्टता आवश्यक आहे. अलीकडच्या काही प्रचारसभांत देवाला समर्पण केल्यास रोग, कर्ज व दारिद्र्य दूर होईल असे सांगितले जाते. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने आत्म्याच्या फळाची जी यादी दिली आहे तीत प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन या नऊ गोष्टी आहेत. ‘फळ’ हा शब्द तेथे एकवचनी आहे. जणू एकाच फळाच्या नऊ बाजू. त्यांत क्विंटलमध्ये मोजता येईल असे काहीही नाही. समर्पणाच्या मोबदल्यात भरभराटीचे आश्वासन देणे म्हणजे देवाशी केलेला सौदा होय, आणि पीक बुडाल्यावर त्या सौद्याचा दोष पुन्हा शेतकऱ्याच्याच अश्रद्धेवर ढकलला जातो.

बायबलमधील समर्पणात मागणे आणि तक्रार करणे यांना मज्जाव नाही. गेथशेमाने बागेत येशूने प्रथम तो प्याला दूर करण्याची विनंती केली, आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेचा स्वीकार केला. हा क्रम उलटा नाही, आणि विनंती गाळलेलीही नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रांचा सूर विलापाचा आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या छोट्याशा ग्रंथाचा शेवट प्रसिद्ध आहे. अंजीर फुलला नाही, शेतात धान्य पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरीही आपण परमेश्वराच्या ठायी आनंद करू, असे तो म्हणतो. कोरडवाहू मुलखातील उपासनेत हा भाग मोठ्या आवडीने वाचला जाऊ शकतो. पण त्याच ग्रंथाचा आरंभही वाचला गेला पाहिजे. तेथे हबक्कूक देवाला विचारतो की अन्याय दिसत असताना तू किती काळ गप्प राहणार. या प्रश्नाबद्दल देव त्याला दोष देत नाही. तो उत्तर देतो, आणि धावणाऱ्यालाही वाचता येईल अशा रीतीने ते पाट्यांवर लिहून ठेवण्यास सांगतो.